भिंत रोज पडते

सज्जनहो, गळ्यात तुळशीची माळ आली की दारू सुटावी, असा आपला नेम. पुष्कळांची सुटतेही. पण ज्याची सुटून पुन्हा लागते त्याला आपण काय म्हणतो? "माळ बाटवली रे याने!" आम्हीही एकदा असेच म्हणालो. त्याचीच ही कबुली.

तो गृहस्थ किल्लारीकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव निजले होते. चारच्या सुमारास धरणी हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले. हा वाचला, घरचे गेले. रात्री डोळा लागेना म्हणून घोट घेऊ लागला. पुढे माळ घेतली, दारू टाकली, अन् महिन्याच्या आत पुन्हा धरली. आम्ही चारचौघांत त्याला बोललो. तो एवढेच म्हणाला, "महाराज, पीत नाही तेव्हा भिंत रोज पडते हो!"

आम्ही निरुत्तर झालो. मग जाणत्यांना विचारले. अशा घावाला वैद्यकाने १९८० साली स्वतंत्र आजार म्हणून नाव दिले आहे. प्रसंग सरतो, पण देहाला तो सरलासा वाटत नाही. स्वप्नात तेच, भांडे पडले तरी दचका. दारू ती भीती घटकाभर झाकते, झोप मात्र अधिकच मोडते. आणि दारू सुटली की झाकलेले सारे एकदम वर येते. आपण ज्या दिवसांत 'सुधारला' म्हणतो, तेच त्याचे सर्वांत कठीण दिवस!

म्हणून 'आधी दारू सोड, मग बघू' एवढ्याने भागत नाही. दोन्ही दुखण्यांवर उपचार बरोबरीने हवा. रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडावी. एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करते. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

"मग नाम कशाला?" असे कोणी विचारील. अहो, वारीत पायाला फोड आला तर मलम लावतोच ना आपण? आणि नामही सोडत नाही. रात्री भिंत पडू लागली की हाकेला कोणी असावे, हे दिंडीचे काम.

पुढल्या एकादशीला आम्ही चारचौघांतच त्याच्या पाया पडलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. माळ तुटली तर मणी पुन्हा ओवता येतात, बाबांनो. ओवायला बसणारा कोणी हवा.

रामकृष्णहरि!