सेट विसरतो, वही विसरत नाही

पनवेल,
आषाढ

चि. नातीस,


परवा फोनवर अगदी रडवेली झाली होतीस. व्हीयू-थ्रीचं हौशी रेडिओ लायसन्स मिळालं, हातात मावणारी नवी कोरी हँडी आली, डोंगरावरच्या रिपीटरवर चाललेल्या गप्पा खणखणीत ऐकू येतायत. पण तू पाच वेळा कॉलसाइन सांगितलंस तरी कुणी दाद देईना. "आबा, सेट बिघडलेलाच आलाय," म्हणालीस. सेट धडधाकट आहे. त्याला तू अर्धीच गोष्ट सांगितली आहेस, एवढंच.

रिपीटर म्हणजे ऐकलेलं लगेच पुन्हा बोलणारा सेट. तो बोलतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐकतो दुसऱ्या. दोन मीटरच्या बँडवर हा फरक, म्हणजे शिफ्ट, बहुधा ६०० किलोहर्ट्झचा असतो. समजा, तो १४५.६०० मेगाहर्ट्झवर बोलतोय. तर त्याचे कान १४५.००० वर लागलेले असतात. शिवाय पुष्कळ रिपीटरांच्या दाराला कडी असते. तुझ्या आवाजाखालून ८८.५ हर्ट्झसारखा ठरलेला बारीक टोन गेला तरच ती निघते. तू मेमरीत घातलास तो आकडा नुसता त्याच्या तोंडाचा. इतका वेळ तू त्याच्या तोंडाशी बोलत होतीस, कानाशी कुणी बोललंच नाही.

मेमरी चॅनेल म्हणजे आजीचा मिसळणाचा डबा समज. फ्रिक्वेन्सी ही त्यातली एक वाटी. शिफ्ट किती आणि वर की खाली, टोन कोणता, मोड कोणता, नाव काय, या बाकीच्या वाट्या. एक रिकामी राहिली तर फोडणी बसत नाही. म्हणून आधी व्हीएफओवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी हातानं लावायच्या पद्धतीवर, ये, सगळ्या वाट्या भर, आणि मगच साठवायचं बटण दाबून रिकामा नंबर निवड. काही स्वस्त हँडींमध्ये एकाच नंबरावर दोनदा साठवावं लागतं. पहिल्यांदा ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, तेव्हा आतली बाई "रिसीव्हिंग मेमरी" म्हणते. मग बोलण्याची, तेव्हा ती "ट्रान्समिटिंग मेमरी" म्हणते. दुसरं वाक्य ऐकल्याशिवाय हँडी खाली ठेवू नकोस.

मग पडताळा घे. डिस्प्लेवर नावाऐवजी आकडा दिसेल असं ठेव, चॅनेल लाव आणि पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाब. १४५.६०० चे १४५.००० झाले तर शिफ्ट बरोबर साठली. दाबलंस की कॉलसाइन मात्र सांग. मुक्यानं बटण दाबून दुसऱ्याचा रिपीटर उघडायचा, हे दारावरची बेल वाजवून पळून जाण्यासारखं आहे.

तुझ्या हँडीत सव्वाशेच्या वर चॅनेल मावतात, म्हणून काही कुणाची तरी तयार यादी केबलनं एका दमात ओतू नकोस. त्या यादीत आपल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बाहेरचं बरंच काही असतं, पोलिसांचं, बंदराचं, टॅक्सीवाल्यांचं, आणि चुकून तिथे पीटीटी दाबला गेला तर जबाबदारी तुझ्या लायसन्सवर येते. दहा चॅनेल ठेव, पण प्रत्येक का ठेवलं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

त्या दहांत आकाशातला एक पाहुणा ठेव. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हॅम मंडळींचा, म्हणजे आपल्यासारख्या हौशींचा, रिपीटर आहे. तो चालू असतो तेव्हा १४५.९९० वर, ६७ हर्ट्झच्या टोनसह ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं जातं, त्यामुळे जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी चढलेली ऐकू येते आणि दूर जाताना उतरलेली, आगगाडीच्या शिट्टीसारखी. हा फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून पाच चॅनेल ओळीनं साठव: ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५ आणि .७९०. पाचही ठिकाणी बोलायची फ्रिक्वेन्सी तीच, १४५.९९०. स्थानक क्षितिजावर आलं की पहिल्यावर थांब, आवाज फाटू लागला की नॉब एक घर सरकव. सगळा खेळ दहा मिनिटांचा. तेवढ्यात आकडे टाइप करत बसलीस तर ते डोक्यावरून निघून जाईल. मेमरीचं खरं काम इथे कळतं.

पुढे एचएफचा, म्हणजे लांब पल्ल्याचा, सेट घेशील तेव्हा ७.११० आणि १४.३०० ही आणीबाणीची ठिकाणं आधी भर. तिथे मात्र आकडा साठवून भागत नाही, कारण आकाश साठवता येत नाही. सकाळी ज्या ठिकाणी नागपूर स्वच्छ ऐकलं, रात्री तिथेच परदेशी स्टेशनांची गर्दी असते. हे आकाशाचं शास्त्र आपल्या शेजारीच अभ्यासलं जातं. नवीन पनवेलला कळंबोली महामार्गाजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. येशील तेव्हा बाहेरून दाखवीन.

आता माझी फजिती. माझा जुना सेट सेकंडहँड होता. त्याची मेमरी आतल्या नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगायची. ती कधीच मेली होती. पण सेट कायम पुरवठ्याला जोडलेला, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. एका जूनमध्ये वीज कडाडू लागली आणि शिरस्त्याप्रमाणे मी अँटेना आणि प्लग दोन्ही काढले. सकाळी सेट लावला तर सगळी चॅनेल कोरी. वर्षानुवर्षं जमवलेले मित्र, त्यांच्या वेळा, त्यांच्या जागा, सगळं गेलं. वहीत मी एक ओळ लिहिलेली नव्हती. "सेटमध्ये आहे ना!" हा माझा तोरा. नव्या सेटांना मेमरी जपायला बॅटरी लागत नाही, पण रीसेट चुकून झाला की त्यांचीही पाटी कोरी होते.

मेमरीच नव्हती तेव्हाचीही एक गोष्ट सांगतो. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवावा लागे. निवेदनात ठिकाण कधीच नसायचं, आकडा असायचा: ४२.३४ मीटर. हिशेब करून बघ, सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजच्या आपल्या चाळीस मीटर बँडच्या आत. ऐकणाऱ्यांच्या रेडिओला मेमरीचं बटण नव्हतं. आकडा डोक्यात असे आणि काटा बोटांनी आणावा लागे.

आपल्याला एवढे आकडे डोक्यात राहायचे नाहीत, म्हणून दुरेघी वही घे. एका पानावर एक चॅनेल: फ्रिक्वेन्सी, शिफ्ट, टोन, आणि खाली ते का ठेवलंस त्याचं एक वाक्य. पहिलं पान त्या डोंगरावरच्या रिपीटरचं. त्याचा फोटो पाठवू नकोस. श्रावणात येशील तेव्हा वहीच घेऊन ये. मी सेट रीसेट करीन आणि तू वहीवरून तो पुन्हा भरायचास.

७३, म्हणजे आपल्या हॅमभाषेत शुभेच्छा.
तुझा,
आबा