गाठ कोठे तुटावी?

फाल्गुनातील एका दुपारी पलासियातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आमचा भाचा एक खिळा, एक कात्री आणि दोन दोऱ्या घेऊन बसला होता. परदेशी वाढलेला हा मुलगा उत्तराखंडातील रामगंगेवर महसीर मासा धरण्यासाठी निघाला होता आणि वाटेत चार दिवस आजोळी उतरला होता. धरलेला मासा तो खात नाही, पुन्हा पाण्यात सोडतो. हे कळल्यावर आम्ही किंचित उपहासानेच विचारले, "मग धरतोस कशाला?" त्याने मानही वर न करता उत्तर दिले, "मामा, तुम्ही मासे खाता, मी सोडून देतो. पाप कोणाचं मोठं?" घरातील सारी मंडळी हसली, आम्हीही हसलो. प्रश्न मात्र ओसरीवरच बसून राहिला.

आपल्याकडील गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन असते, आणि ते वजनच दोरी ओढून नेते. भाच्याच्या या फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसांची व दोऱ्याची कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीलाच द्यावे लागते. प्लॅस्टिकचे आवरण असलेली ही जाड दोरी, म्हणजे लाइन, चाबकासारखी हवेत फिरवून पाण्यावर टाकतात. पण जाड दोरी माशाच्या नजरेस पडते. म्हणून तिच्या टोकाला सुमारे नऊ फुटांचा पारदर्शक, निमुळता होत जाणारा धागा जोडतात. त्याला लीडर म्हणतात. १९३८ साली नायलॉन जगापुढे आले. त्यापूर्वी हे काम रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेली तात करीत असे, आणि वापरण्यापूर्वी ती भिजवून मऊ करावी लागे.

आता प्रश्न येतो तो जोडाचा. एक दोरी जाड व मऊ आवरणाची, दुसरा धागा बारीक व गुळगुळीत. साधी गाठ येथे टिकत नाही. भाच्याने लाइनला समांतर खिळा धरला, लीडरच्या जाड टोकाचे दोहोंभोवती सहा वेढे दिले, टोक त्या वेढ्यांखालून परत काढले, खिळा अलगद ओढून घेतला, आणि गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळली. वेढे लाइनच्या आवरणात रुतून बसले. लीडरचे हे टोक फार बारीक असले, तर जोड बिजागरीसारखा दुमडतो आणि हाताचा जोर पुढे माशीपर्यंत पोचतच नाही, असे तो म्हणाला. एवढे करूनही त्याने गाठ जोराने ओढून पाहिली, ती सरकली म्हणून कापून टाकली, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

"इतका खटाटोप कशाला? मासा सुटला तर सुटला," आम्ही म्हणालो.

"मासा सुटण्याची भीती नाही मामा. ही गाठ सुटली तर मासा नऊ फूट धागा ओढत जाईल, आणि कुठल्या तरी दगडात अडकून मरेल. तुटायचंच असेल, तर माशाच्या तोंडाजवळ तुटलं पाहिजे."

या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. आपण गाठीची परीक्षा करतो ती ती किती टिकते यावरून. येथे मात्र एक निराळीच कसोटी होती. बंध तुटण्याची वेळ आलीच, तर तो कोठे तुटावा हे आधी ठरविणे, आणि तुटल्यावर उरलेले ओझे दुबळ्याच्या वाट्यास कमीत कमी येईल असे पाहणे. ठरविण्याचा हा अधिकार माशाला नाही. तो सर्वस्वी दोरी धरणाऱ्याच्या हाती आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही त्याचीच.

तरीही एवढ्याने भाचा निर्दोष ठरतो असे आम्हांस वाटत नाही. माशीजवळचा धागा अतिशय बारीक ठेवला, तर तो तुटू नये म्हणून मासा हळूहळू, दीर्घकाळ दमवावा लागतो. दमलेल्या माशाच्या अंगात आम्ल साठते. पाण्याबाहेर त्याचे कल्ले मिटतात. ऊन पाण्यात प्राणवायूही कमी. असा मासा हातातून पोहत गेलेला दिसतो, आणि पुढे कोठे तरी मरतो. म्हणजे सोडून देण्याचा क्षण दयेचा वाटतो खरा, परंतु दया केली की नाही हे त्याच्या कितीतरी आधी, ओसरीवर, धागा निवडताना आणि गाठ आवळताना ठरून गेलेले असते. आणि मुळात त्या माशाला दमविण्याची गरज होती काय, हा प्रश्न उत्तमात उत्तम गाठीनेही सुटत नाही.

दुसरा मार्ग आपल्या लोकांना ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे देवीच्या डोहातील महसीर कोणी मारीत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात. तेथे दोरी नाही, म्हणून गाठही नाही. पण प्रत्येक नदीला असा डोह लाभत नाही. वनपर्वातील धर्मव्याध मांस विकणारा, तरी त्याने कौशिक ब्राह्मणाला धर्म सांगितला, आणि नांगराखालीही जीव मरतात याची आठवण करून दिली. दोषरहित जगणे दुर्लभ आहे, हे त्याचे म्हणणे. मात्र त्याने ते आपल्या दोषाकडे पाठ फिरविण्यासाठी सांगितले नव्हते.

मग आम्ही स्वतःकडे पाहिले. आमच्या नळाला १९७८ पासून जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी येते. सुमारे सत्तर किलोमीटरची ती नळवाटही एक लाइनच. घरातील दिवाही पुष्कळदा त्याच नदीवर जळतो. इंदिरासागर २००४ मध्ये आणि ओंकारेश्वर २००७ मध्ये वीज देऊ लागले. महसिराला वाहते पाणी आणि खडकाळ तळ लागतो. जलाशयाचे संथ पाणी त्याच्या वंशवृद्धीला मानवत नाही. २०११ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केले, तेव्हा नर्मदेत तो विरळ होत चालला होता. पुढे बडवाहकडील वनविभागाला त्याच्या प्रजननासाठी खटपट करावी लागली. आम्ही गळ कधी हाती धरला नाही, तरी या माशाशी बांधलेलो आहोतच. फरक इतकाच, की भाच्याने आपली गाठ ओढून पाहिली, आणि आम्ही आमची कधी पाहिलीही नाही.

चौथ्या दिवशी निघताना तो पाया पडला, तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. "पाप कोणाचं मोठं ते आम्हांला मोजता येत नाही, बाळा. पण ज्याला आपली गाठ कुठे आहे हेच माहीत नाही, त्याने दुसऱ्याला हसू नये, एवढं कळलं."

तो गेल्यावर ओसरीवर नायलॉनचे कापलेले तुकडे पडले होते. नायलॉन कुजत नाही, पाखरांच्या पायांत अडकते. आम्ही ते एकेक करून वेचले.