दान की देणे?

घेणाऱ्याने मोल दिले नाही की घेतलेले दान ठरते, असा आपला एक सोयीस्कर समज आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरवून दिले. तेव्हा तांदळास किलोमागे ३ रुपये, गव्हास २ आणि भरड धान्यास १ रुपया पडे. जानेवारी २०२३ पासून तेवढेही मोल उरले नाही. मग कालचा ग्राहक आज याचक झाला काय?

दान आणि हक्क यांतील भेद खरा कळतो तो नकाराच्या क्षणी. दाता नाही म्हणाला, तर याचकाने मुकाट्याने पुढचे दार गाठावे. ह्या कायद्याचे ८ वे कलम मात्र सांगते की, धान्य न मिळाल्यास राज्य सरकारने त्याबद्दल भत्ता द्यावा. येथे नकार देणाराच ऋणको ठरतो.

परंतु रेशन दुकानातील यंत्र कष्टाने झिजलेल्या अंगठ्याचा ठसा ओळखत नाही आणि माणूस रिकामी पिशवी घेऊन निमूट परततो, तेव्हा कायदा असूनही व्यवहार दानाचाच होतो. त्या माणसाला ‘का?’ असे विचारता यावे आणि उत्तर देण्यास कोणी बांधलेला असावा. एरवी ऋणको आपले ऋण सुखाने विसरतो.