फाईलवरचा शेरा



वरिष्ठांचा हुकूम आला आणि तो अन्यायाचा आहे हे आपल्या मनाला स्पष्ट दिसत असेल, तर हाताखालच्या माणसाने काय करावे? प्रश्न नवा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही यावर उत्तरपत्रिका लिहिल्या, रात्री जेवणानंतर वाद घातले आणि मार्कही बरे मिळवले. पण वर्गातल्या हुकमाच्या मागे बंदूक नसते, पगार नसतो, बदलीची धमकी नसते. म्हणून आज ग्रंथांपेक्षा एका माणसाबद्दल लिहितो. हा माणूस तारुण्यात सैनिक होता, पन्नाशीत पोलीस अधिकारी झाला आणि म्हातारपणी एका सिनेमागृहाच्या दारावर तिकिटे घेत उभा राहिला. त्यांचे नाव मून ह्योंग-सून.

त्यांची गोष्ट घडली कोरियातील जेजू नावाच्या बेटावर. ज्वालामुखीतून तयार झालेले हे बेट दक्षिण कोरियाच्या मुख्य भूमीपासून दक्षिणेला समुद्रात आहे. शेती करणारे, मासेमारी करणारे आणि समुद्रात खोल बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांचे ते बेट. आज तिथे पर्यटकांची गर्दी असते. २०२४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या हान कांग यांच्या एका कादंबरीचा विषय याच बेटावरचे हत्याकांड आहे, त्यामुळे जगातल्या अनेकांना जेजूचे हे दुःख अलीकडे प्रथमच कळले.

मून यांचा जन्म १८९७ सालचा, आणि तोही या बेटावरचा नव्हे. कोरियाच्या उत्तरेकडील प्योंगान प्रांतातला. ते तेरा वर्षांचे असताना, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला. पुढे हा तरुण सीमा ओलांडून मांचुरियात गेला आणि तिथल्या स्वातंत्र्यसैन्यात जपानविरुद्ध लढला. १९४५ साली जपान हरला आणि देश स्वतंत्र झाला, पण दोन तुकड्यांत. उत्तरेत कम्युनिस्ट, दक्षिणेत अमेरिकन लष्करी प्रशासन. मून दक्षिणेत राहिले, पोलीस खात्यात शिरले आणि १९४७ मध्ये त्यांची नेमणूक जेजूवर झाली.

ही नेमणूक कोणाला हेवा वाटावा अशी नव्हती. १ मार्च १९४७ रोजी जेजूत पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात सहा माणसे मेली. ३ एप्रिल १९४८ रोजी डाव्या गटाच्या काही शेकडा सशस्त्र लोकांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. हे बंड मोडण्यासाठी सरकारने जे केले, ते १९५४ पर्यंत चालले. डोंगरउतारावरची गावेच्या गावे जाळली. मेलेल्यांचा अंदाज पंचवीस ते तीस हजारांचा आहे, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातले बहुसंख्य सरकारी हातांनी मारले गेले. २००३ साली दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन यांनी त्याबद्दल बेटावरच्या लोकांची माफी मागितली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या दडपशाहीत जे सर्वांत क्रूर ठरले, त्यांत उत्तरेतून पळून आलेल्या तरुणांच्या एका संघटनेचा मोठा वाटा होता. कम्युनिस्टांनी त्यांच्या जमिनी घेतल्या होत्या, घरे मोडली होती, आणि तो राग त्यांनी जेजूच्या शेतकऱ्यांवर काढला. त्यांपैकी कितीतरी जण मून यांच्याच प्योंगान प्रांतातले होते. गाव तेच, बोली तीच, निर्वासितपणही तेच. माणूस आपल्या दुःखातून घडतो असे आपण सहज म्हणून जातो. मग एकाच दुःखातून दोन इतकी वेगळी माणसे कशी घडली? परिस्थितीने सगळे ठरते असे मानणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

१९४८ च्या अखेरीस मोसुलपो भागात बंडखोरांना मदत केल्याचा संशय असलेल्या शंभरएक गावकऱ्यांच्या नावांची यादी पोलिसांच्या हाती लागली. त्या दिवसांत अशा यादीत नाव असणे म्हणजे मरण. मून यांनी त्या लोकांना स्वतःहून ठाण्यात येऊन कबुली द्यायला लावले आणि घरी सोडून दिले. गावकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसावा म्हणून मध्यस्थी केली ती एका प्रोटेस्टंट पाळकाने. (आपल्या विभक्त बंधूंचे हे ऋण मुद्दाम नोंदवतो.) दार उघडे आहे असे पोलिसाने सांगावे आणि शंभर माणसांनी ते खरे मानून आत यावे, ही त्या बेटावर त्या वर्षी फार मोठी गोष्ट होती.

पुढे २५ जून १९५० रोजी कोरियन युद्ध सुरू झाले. उत्तरेचे सैन्य वेगाने खाली सरकले. ऑगस्टअखेर दक्षिणेच्या हाती आग्नेयेचा एक कोपरा आणि जेजूसारखी बेटे एवढेच उरले होते. सरकार घाबरले होते, आणि घाबरलेल्या सरकारने एक जुने हत्यार बाहेर काढले: प्रतिबंधात्मक अटक. पूर्वी कधी संशयित ठरलेल्या लोकांना, ते पुढेमागे शत्रूला मिळतील या भीतीने, आधीच आत टाकायचे. जेजूच्या प्रत्येक ठाण्याने शेतकरी, शिक्षक, कारकून असे लोक धरून आणले आणि त्यांची धोक्यानुसार प्रतवारी लावली. ही पद्धत कोरियात आणली होती जपानी पोलिसांनी. ज्यांच्याविरुद्ध मून तारुण्यात लढले, त्यांचेच हत्यार आता त्यांच्या स्वतःच्या ठाण्यात होते.

२० ऑगस्टच्या पहाटे बेटाच्या नैऋत्य टोकाला, सोताल नावाच्या टेकडीपाशी, मोसुलपो परिसरातील सुमारे अडीचशे कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. नातेवाइकांना कित्येक वर्षे तिथे फिरकू दिले नाही. १९५६ मध्ये प्रेते उकरायची परवानगी मिळाली, तेव्हा एका खड्ड्यातल्या हाडांतून कोणता हात कोणाच्या वडिलांचा हे सांगता येईना. शेवटी कुटुंबांनी १३२ जणांची हाडे सारखी वाटून शेजारी शेजारी पुरली आणि त्या जागेला नाव दिले: शंभर पूर्वज, एक वंशज. म्हणजे यापुढे आम्ही सगळे मिळून या सगळ्यांची मुले. १९६१ च्या लष्करी क्रांतीनंतर तिथला स्मृतिदगडही सरकारने फोडला.

त्या वेळी मून बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सोंगसानपोच्या ठाण्याचे प्रमुख होते. ३० ऑगस्ट १९५० रोजी त्यांच्याकडे लेखी हुकूम आला. पाठवणारा बेटावरच्या मरीन दलाचा गुप्तवार्ता अधिकारी. देशात लष्करी कायदा लागू असल्याने पोलिसांवर त्याचा अधिकार चालत होता. तुमच्याकडच्या धोकादायक प्रतीच्या कैद्यांना ६ सप्टेंबरपर्यंत गोळ्या घाला आणि तसा अहवाल द्या, असा तो हुकूम. मून यांनी त्याच कागदावर शेरा लिहिला: अन्याय्य असल्याने अंमल केला नाही.

बस्, एवढेच. सरकारी भाषा, पाच शब्द. कागद जपला गेला म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहेत. दोनशेहून अधिक माणसे त्या शेऱ्यामुळे वाचली.

आता आपण आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हुकूम पाळणाऱ्याची बाजू आपण समजतो तितकी लंगडी नाही. शत्रू दाराशी आला आहे, देश बुडतो की राहतो अशी वेळ आहे, अशा वेळी प्रत्येक ठाणेदार आपापल्या मनाला विचारत बसला तर राज्य चालेल कसे? शिस्त हा काही क्षुल्लक गुण नव्हे. शिस्त नसलेल्या सैन्याने केलेले अत्याचार इतिहासात कमी नाहीत. शिवाय ठाणेदाराला सगळे चित्र दिसत नाही, वरिष्ठांना कदाचित जास्त माहिती असेल. हा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांपुढे मांडतो तेव्हा वर्गातली निम्मी मुले माना डोलावतात, आणि ती काही दुष्ट मुले नसतात.

पण माहितीला कुठे महत्त्व आहे आणि कुठे नाही, ते पाहिले पाहिजे. शत्रू कोठून येणार, पूल उडवायचा की राखायचा, यात वरिष्ठांना अधिक कळते, आणि तिथे आज्ञापालन हेच शहाणपण. सोंगसानपोच्या कोठडीतल्या माणसाने मात्र काही केलेलेच नव्हते. तो पुढे काही करील एवढाच आरोप. त्याला मारणे न्याय्य ठरेल अशी कोणती माहिती वरिष्ठांकडे असू शकते? उद्याच्या अपराधासाठी आज शिक्षा देणे म्हणजे त्या माणसाला उद्या वेगळे वागण्याचे स्वातंत्र्य आहे हेच नाकारणे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते अन्यायाचा कायदा हा कायदा कमी आणि बळजबरी जास्त असतो. हुकमालाही तीच कसोटी लागते. वरून आला एवढ्याने तो हुकूम ठरत नाही.

योगायोग असा की त्याच १९५० च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने न्यूरेम्बर्ग खटल्यांतली तत्त्वे लिहून काढली. त्यांतले चौथे तत्त्व असे की, नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य असेल तर वरिष्ठांच्या हुकमामुळे माणसाची जबाबदारी संपत नाही. पुढे १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात आइकमनने आपण कर्तव्यच केले असे सांगताना कांटचा दाखला दिला. कांटच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी थट्टा ऐकायला मिळणार नाही. कर्तव्याचा नियम माणसाची स्वतःची बुद्धी त्याला घालून देते हे कांटचे सारे म्हणणे, आणि आइकमनने तर ती बुद्धीच वरिष्ठांकडे गहाण टाकली होती.

मला मात्र या सर्वांपेक्षा एक साधी सबब अधिक अवघड वाटते: मी नाही केले तर दुसरा कोणी करणारच. ही सबब आपण फक्त युद्धात वापरत नाही. कार्यालयात खोट्या बिलावर सही करताना वापरतो, सोसायटीच्या सभेत गप्प बसताना वापरतो. इतर ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांच्या मनातही ती आली असेल. पण सोंगसानपोत काय झाले पाहा. मून यांनी नकार दिला आणि तो ‘दुसरा’ आलाच नाही. दोनशे माणसांना मारायला एक ठाणे लागते, ट्रक लागतात, यादी वाचणारा लागतो. साखळीची एक कडी निघाली की पुष्कळदा साखळीच थांबते. नेहमीच थांबते असे म्हणत नाही. सोंगसान भागातही सहा जण त्या प्रतिबंधात्मक अटकेत मेलेच. त्या सहांच्या घरच्यांना दोनशेंचा आकडा सांगून काय उपयोग?

आणि तो शेरा लिहिला का? हुकूम दडपून ठेवता आला असता, गहाळ झाला म्हणता आले असते, आजारी पडता आले असते. चतुर माणसाने तेच केले असते, आणि चातुर्याने जीव वाचत असतील तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण लिहिलेला नकार लिहिणाऱ्याला बांधतो. उद्या विचार बदलायची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते. शिवाय तो ज्याने हुकूम दिला त्यालाही सांगतो की हे काम अन्यायाचे आहे हे आता तुलाही कळवले आहे. यापुढे तुलाही ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणता येणार नाही.

मून ज्या खात्यात होते त्या खात्याचे हात रक्ताने माखलेले होते, हे विसरून चालणार नाही. मग त्यांनी वर्दी उतरवून निघून जायला हवे होते का? अनेकांना हेच अधिक शुद्ध वाटते. मी उलट विचारतो: ते गेले असते तर ३० ऑगस्टचा कागद कोणाच्या टेबलावर पडला असता? अर्थात ‘आत राहून बदल करीन’ असे म्हणणारे बहुतेक जण आत राहतात आणि बदल करीत नाहीत, हेही तितकेच खरे. आत राहण्याचा अधिकार कमवावा लागतो, आणि तो कमवायचा दिवस आधी कळत नाही.

मून १९५३ मध्ये पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि जेजूवरच राहिले. घर संसार नव्हता. पोटासाठी काही काळ तांदळाच्या रेशन दुकानावर काम केले, मग जेजू शहरातल्या सिनेमागृहात डोअरकीपर झाले. ज्यांना त्यांनी सोडवले त्यांच्यापैकी कोणी कधी सिनेमाला आले असेल का? हातात तिकीट देताना त्यांनी या म्हाताऱ्याचा चेहरा ओळखला असेल का? २० जून १९६६ रोजी जेजूच्या इस्पितळात ते वारले. जवळचे कोणी नव्हते. प्योंगानमधून आलेल्या निर्वासितांनी बेटावर एक सामाईक दफनभूमी केली होती, तिथे त्यांना पुरले.

मोसुलपोच्या लोकांनी २००५ मध्ये त्यांच्या नावाचा दगड उभारला. २०१८ मध्ये कोरियन पोलिसांनी त्यांना आपला वीर म्हणून जाहीर केले. मांचुरियातल्या लढ्याबद्दल स्वातंत्र्यसैनिकाचा मान मात्र त्यांना मिळू शकला नाही. कागदोपत्री पुरावा अपुरा पडला. शेवटी कोरियन युद्धात पोलीस म्हणून बजावलेल्या सेवेच्या आधारे त्यांची माजी योद्धा म्हणून नोंद झाली आणि मे २०२४ मध्ये त्यांच्या अस्थी जेजूच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत हलवण्यात आल्या, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.