गळती आणि डाग

जिथं ओलं दिसतं तिथंच गळतं, असं माणूस धरून चालतो. जुन्या गाडीचं इंजिन ही समजूत मोडून काढतं. आमची पेट्रोल जीप वयानं माझ्या जवळपासची. तिच्याखाली रात्रीतून पंजाएवढा काळा डाग पडायचा. डाग चेंबरच्या मागच्या कडेखाली, म्हणून मिस्त्र्यांनी दोनदा चेंबरचं पॅकिंग बदललं. डाग तसाच.

तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं आधी पान्हा हातात घेतलाच नाही. इंजिन डिझेलनं धुवायला लावलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली आन् गाडी चालू ठेवली. पुडीवर रेघ उमटली ती टॅपेटच्या झाकणापासून. ऑईल वरून उतरतं, पंख्याच्या वाऱ्यानं मागं सरकतं आणि ठिबकतं भलतीकडंच. बोल्ट आवळून आवळून तिथला कॉर्क चेपून फाटला होता.

मग तो म्हणाला, "पॅकिंगला शिव्या देऊ नका. इंजिनाचा श्वास बघा." ब्रीदरची नळी काजळीनं बुजली होती. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा धूर खाली उतरतोच. त्याला बाहेर वाट मिळाली नाही तर आत दाब वाढतो, आणि जो सांधा कच्चा तिथनं ऑईल बाहेर पडतं.

आमच्या भावकीत एका सुनेला भांडकुदळ ठरवून माहेरी धाडलं. "हिच्यापायी घर फुटलं," असं अख्खं गाव म्हणालं. सोसायटीचं कर्ज किती झालंय, हे घरातल्या थोरल्यानं दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ती बोलली, एवढंच. डाग तिच्याखाली दिसला.

मग कच्च्या सांध्याचा काहीच दोष नाही का? तसंही नाही. नळी साफ केली तरी फाटका कॉर्क बदलावाच लागला. दाबाचं निमित्त सांगून दारू पिणाऱ्याला मोकळं सोडता येत नाही. पण आधी कोंडलेला श्वास मोकळा करावा, मग सांध्याकडं वळावं. उलट केलं तर नवं पॅकिंगही टिकत नाही.

मागचं क्रँक सील अजून थेंब-दोन थेंब सोडतं. त्यासाठी इंजिन उतरवायचं, हे काही मला पटत नाही. खाली पत्र्याचा डबा ठेवतो, सकाळी काडी काढून बघतो, कमी असेल तेवढं ऑईल घालतो. घरातही एखादं माणूस तेवढं गळणारच. त्याच्यावर ध्यान ठेवावं, पंचायत बोलावू नये.