ओल्या वाळूवरची रेघ

पेन्सिल इतक्यात हातात घेऊ नका. नुसते बसा. समोर एक कोरा कागद असू द्या. कागद पांढरा असतो असं आपण सहज म्हणून जातो. जरा पाहत राहा. खिडकीकडच्या बाजूला तो निळसर दिसतो, तुमच्या सावलीत किंचित पिवळट. कसलीही घाई नाही.

आता डोळे मिटा आणि अलिबागजवळचं किहीम आठवा. तिथे गेला नसाल तर तुमच्या ओळखीचा कुठलाही सपाट किनारा चालेल. ओहोटी लागली आहे. एक लाट वर येते, दमते आणि मागे सरताना ओल्या वाळूवर फेसाची बारीक रेघ ठेवून जाते. पुढची लाट तिथवर पोचत नाही. ती आपली रेघ थोडी खाली ठेवते. दोन्ही समांतर वाटतात, पण नीट पाहिलं तर एका ठिकाणी जवळ येतात आणि पुन्हा लांब जातात. मधली वाळू आरशासारखी चकाकते. मग पाणी आत मुरतं आणि चकाकी विझत जाते. ती विझेपर्यंत तिथेच थांबा.

चित्रकार नसरीन मोहम्मदी यांचं या किनाऱ्याशी जवळचं नातं होतं. १९९० साली त्यांचा मृत्यूही किहीमलाच झाला. जन्म १९३७चा, कराचीचा. लंडन आणि पॅरिसमध्ये शिक्षण, मुंबईत चित्रकार गायतोंड्यांचा सहवास, आणि १९७२पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. समुद्रकाठ, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे, फत्तेपूर सिक्रीचं दगडी आवार या सगळ्याचे त्या फोटो काढत. ते फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. सुरुवातीच्या चित्रांत झाडाफांद्यांचा भास होतो. पुढे तोही गळून गेला. उरल्या शाईच्या आणि शिसपेन्सिलीच्या रेघा.

अमूर्त म्हणजे जगाकडे पाठ फिरवणं, असा एक समज आहे. मला तो मुळीच पटत नाही. ज्या डोळ्यांनी लाट इतका वेळ पाहिली आहे, त्यांनाच तिचं पाणी बाजूला ठेवून तिची चाल तेवढी घेता येते.

डोळे उघडा. आता पेन्सिल घ्या, गुण्या किंवा पट्टी घ्या. नसरीनही मोकळ्या हाताने रेघ मारत नव्हत्या. आराखडे काढणारे वापरतात तसं तिरकं टेबल आणि तशीच अवजारं त्यांच्याकडे असत. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढा, सावकाश. मध्यावर कुठेतरी श्वास घ्याल, तिथे रेघ जराशी फिकी होईल. होऊ द्या, खोडू नका. तिच्याखाली दुसरी ओढा. तिसरी आणखी थोड्या अंतरावर. आता रेघांकडे पाहूच नका, मधल्या जागेकडे पाहा. कुठे ती आवळली आहे, कुठे मोकळी झाली आहे? नसरीन यांच्या सत्तरच्या दशकातल्या चित्रांत अशा रेघांची दाट जाळी आहे, आणि सगळा जीव त्या मधल्या जागेत आहे. ऐंशीच्या दशकात जाळीही सुटली. पांढऱ्या अवकाशात थोड्याच तिरप्या रेघा तरंगत राहिल्या. त्यांतल्या फिक्या रेघा छपाईत हरवतात. ही चित्रं प्रत्यक्षच पाहायला हवीत.

त्याच काळात एक आजार त्यांच्या स्नायूंवरचा ताबा हिरावून घेत होता. रेघ मात्र शेवटपर्यंत नेमकी राहिली. म्हणून या चित्रांना कुणी कोरडी म्हटलं की मला वाईट वाटतं. एका रेघेसाठी त्या हाताला काय लागलं असेल, तेवढं मनात आणून पुन्हा पाहा.

पेन्सिल खाली ठेवा. घरात सुतळी असेल तर हातभर घ्या आणि एक गाठ मारा. तिच्याशेजारी दुसरी. बडोद्यातच शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी अशाच गाठींनी दोरांची माणसाहून उंच शिल्पं उभी केली, तीही आधी कागदावर आराखडा न काढता. त्या शिल्पांना पूर्णपणे अमूर्त म्हणवत नाही. त्यांत कधी फूल दिसतं, कधी देवता. पण तुमच्या बोटांना आत्ता जे कळतंय ते पाहा. दहाबारा गाठींनंतर सुतळी सरळ राहत नाही, ती स्वतःहून एका बाजूला वळायला लागते. ते वळण तुम्ही ठरवलेलं नव्हतं. ते सरळ करू नका, त्याच्या मागोमाग पुढची गाठ मारा.

हात दमले की थांबा. सुतळी त्या रेघांच्या कागदावर ठेवा आणि दोन्हींकडे आणखी थोडा वेळ पाहा. नसरीन यांनी आपल्या रेखाचित्रांना नावं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. तुम्हीही या कागदावर काही लिहू नका.