मधुकर, कुमारीचे कंकण आणि प्रवेशाचे अर्ज



बारावीचा निकाल लागला की आपल्या सभामंडपातील बोलण्याचा विषय बदलतो. आरती आटोपून प्रसाद घेता घेता एक पिता दुसऱ्यास विचारतो, “तुम्ही किती ठिकाणी अर्ज केले?” कोणी चार सांगतो, कोणी चौदा. चार सांगणाऱ्यास वाटते आपण कमी पडलो. चौदा सांगणाऱ्यास वाटते पंधरावा राहून गेला. हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसतो; तथापि त्याच्या मुळाशी लोभ, भय आणि विवेक यांचा झगडा आहे, आणि त्या झगड्यात सतरा-अठरा वर्षांचे एक कोवळे मन सापडलेले असते. यास्तव आज आम्ही हाच विषय विवेचनास घेतला आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा एका तरुण अवधूतास त्याच्या निश्चिंतपणाचे रहस्य विचारतो. अवधूत त्यास आपले चोवीस गुरू सांगतो. याच स्कंधावर संत एकनाथांनी आपली प्रसिद्ध मराठी टीका रचली, त्यामुळे ही कथा आपल्या घराघरांत ओळखीची आहे. त्या चोवीसांपैकी तिघांस आपण आज आपल्या प्रश्नाचे उत्तर विचारू.

पहिला गुरू मधुकर. तो लहानमोठ्या सर्व फुलांवर बसतो आणि प्रत्येकातून सार तेवढे घेतो. कमळ नावाजलेले म्हणून त्यावरच खिळून राहत नाही, आणि कुंपणावरचे फूल साधे म्हणून त्यास टाळीत नाही. चौकशी अशी असावी. ती दहा ठिकाणी करा, वीस ठिकाणी करा. चौकशीस मर्यादा नको. मात्र विचारावयाचे ते सार विचारा. पहिल्या वर्षाचेच नव्हे, तर सर्व वर्षांचे मिळून शुल्क किती? वसतिगृह आणि भोजनाचा खर्च किती? मुलास हवा तो विषय तेथे खरोखर शिकविला जातो काय, आणि शिकविणारे कायम आहेत काय? मागील वर्षी तेथून बाहेर पडलेली मुले आज काय करीत आहेत? आणि दूरची कमळे शोधताना दारचे फूल विसरू नका. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजच्या पायावर १९४९ साली आपल्या वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. परगावची मुले येथे शिकावयास येतात, आणि आपल्याच घरी त्याचे नाव ‘नाहीच कोठे जमले तर’ अशा स्वरात निघते. हे मधुकराचे लक्षण नव्हे.

मधुकराकडून अवधूत आणखी एक गोष्ट शिकला, ती म्हणजे साठा करू नये. साठविलेल्या मधापायी मधमाशीचाच नाश होतो. प्रवेशाच्या बाबतीत साठा म्हणजे काय? एक जागा घ्यावयाची आणि दुसरी अडवून ठेवावयाची. २०१५ पूर्वी आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांचे जागावाटप निरनिराळे चाले. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा मिळवी, त्यांपैकी एकीवर जाई, आणि दुसरी पुष्कळदा रिकामी राही. तो दोष कमी व्हावा म्हणून २०१५ पासून दोहोंचे वाटप संयुक्त झाले. तथापि स्वतंत्र प्रवेश देणाऱ्या संस्थांत हा प्रकार अद्याप घडतो. नियमाने तो गुन्हा ठरत नसेल, पण आपण अडवून ठेवलेल्या जागेकडे दुसऱ्या कोणाचे तरी मूल डोळे लावून बसलेले असते. निश्चय होताच नको असलेली जागा त्याच दिवशी सोडावी, हा आमच्या मते अपरिग्रहाचाच आचार होय. मूळ प्रमाणपत्रे अडकतील या भयानेही कोणी थांबू नये; संस्थांनी ती ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट बजावले आहे.

दुसरी गुरू कुमारी. घरची माणसे बाहेर गेली असता तिला पाहावयास पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती एकांतात साळी कांडू लागली, तो हातातील कंकणे वाजू लागली. आपले दैन्य पाहुण्यांस कळेल या लाजेने तिने एकेक कंकण काढले. दोन राहिली तरी नाद होईना असे नव्हे. एकच उरले तेव्हा हात निःशब्द झाला, आणि कांडण मात्र चालूच राहिले.

चौकशी मधुकरासारखी पुष्कळ करावी. पण अर्ज भरावयास बसताना कुमारीचे स्मरण ठेवावे. ज्या अर्जाने केवळ नाद होतो तो उतरवून ठेवावा. कसोटी एकच आहे. मुलास जवळ बसवून विचारावे, “बाळ, बाकी सर्व गेले आणि हे एवढेच मिळाले, तर तू तेथे मनापासून जाशील काय?” उत्तर ‘नाही’ असेल, तर तो अर्ज भयाचा आहे. उत्तर मुलाने देण्याआधी वडिलांनी दिले, तर तो अर्ज वडिलांच्या प्रतिष्ठेचा आहे. आणि मुलाचे नाव चौदा यादींत, मुलीचे मात्र घराजवळच्या एकाच यादीत असे असेल, तर तो हिशेब विवेकाने केलेला नव्हे, हे आम्हांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग संख्या किती? जेथे प्रत्येक संस्थेचा अर्ज आणि शुल्क वेगळे, तेथे पाच-सहा अर्ज सामान्यतः पुरेत: एक-दोन आवाक्याच्या थोडे वरचे, दोन-तीन आवाक्यातले, आणि एक असा, जेथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे व ज्याचा खर्च कर्जावाचून झेपेल. हा शेवटचा अर्जही त्याच कसोटीस उतरलेला असावा.

जेथे एकाच अर्जात पसंतीचा क्रम लिहावयाचा असतो, तेथे नियम निराळा. आय.आय.टी., एन.आय.टी. यांच्या संयुक्त वाटपात हवी तितकी नावे लिहिता येतात. कसोटीस उतरलेली सर्व लिहावीत. पण पुष्कळ पालक येथे चातुर्य करू पाहतात. ‘वरचे मिळणार नाही, उगाच पहिली पसंती वाया जाईल’ असे म्हणून ते मनातले नाव खाली ढकलतात. वस्तुतः या वाटपामागील विचार डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली मांडला. त्या परंपरेतील कार्यासाठी शॅप्ली व ॲल्विन रॉथ यांस २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीचा गुण असा की, वरचे नाव न मिळाल्याने खालच्या नावावरील हक्क कमी होत नाही. आणि खोटा क्रम लिहिणाऱ्यास खरा क्रम लिहिणाऱ्याहून अधिक लाभ होऊ शकत नाही. धर्म ज्यास सत्य म्हणतो, तेच येथे गणितानेही हिताचे ठरविले आहे. मात्र नावांस मर्यादा असेल तेथे सावध असावे. महाराष्ट्रात २०२५ साली अकरावीच्या केंद्रीय प्रवेशास जास्तीत जास्त दहा पसंती देता येत, आणि पहिली पसंती मिळूनही न घेणारा पुढील नियमित फेऱ्यांतून वगळला जाई. अशा ठिकाणी खात्रीचे एक नाव यादीत हवेच, आणि पहिले नाव संकल्प सोडावा तितक्या गांभीर्याने लिहावे.

तिसरी गुरू पिंगला. विदेहनगरीतील ही गणिका धनिकाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दारात येरझारा घालीत राहिली. आता येईल, मग येईल. शेवटी तिला स्वतःचाच वीट आला, तिने आशा सोडली, आणि ती सुखाने झोपली. अर्ज गेल्यानंतरचे दिवस आपल्या घरांत पिंगलेच्या पूर्वरात्रीसारखे जातात. तासातासाला संकेतस्थळ उघडावयाचे, शेजारच्या मुलाचा क्रमांक विचारावयाचा, जेवणाच्या पानावर तोच विषय काढावयाचा. आमची विनंती आहे की जे हातून करावयाचे ते झाल्यावर घरातील हा जागर थांबवावा. फळावर आपला अधिकार नाही, हे गीतेचे सांगणे आपण पाठ म्हणतो. ते आचरण्याचे दिवस हेच होत.

आणि यादीत नाव लागले नाही तर? बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये शिक्षण चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांस परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली तेथील डी.एस्‌सी. घेतली. मधली वर्षे त्यांस किती कठीण गेली, हे सर्वश्रुत आहे. दार एकदा बंद झाले म्हणजे विद्या संपली असे नाही.

म्हणून पालकांनी आणखी एक तयारी आजच करून ठेवावी. निकालाच्या दिवशी नाव न दिसल्यास मुलाशी बोलावयाचा पहिला शब्द कोणता, हे पतिपत्नींनी आधीच ठरवावे. तो शब्द हिशेबाचा नसावा, शेजारच्या मुलाचा नसावा. “ये, आधी जेवून घे” एवढाच असला तरी पुरे. चौदा अर्जांनी जो आधार मिळत नाही, तो त्या शब्दाने मिळतो.

आपल्या मुलामुलींस योग्य स्थळी विद्या लाभो, आणि आपणां वडीलधाऱ्यांस ते स्थळ आनंदाने स्वीकारण्याची बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.